सोळा जोडांपैकी एक

नुकतं जन्मलेलं मूल किती लांब असतं, हे मला कुणी नीट सांगेना. आईला आम्ही माय म्हणतो. मायला विचारलं तर तिनं दोन हात हवेत धरून दाखवले, आणि पुन्हा विचारलं तेव्हा तेच हात वीतभर जवळ आले. आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "धोट्यापेक्षा मोठं, आणखी काय." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतं ते होडीच्या आकाराचं लाकूड. आप्पांची जगातली सगळी मापं तिथूनच सुरू व्हायची. शेवटी बायकोला विचारलं.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "मी काय आधी कुणाला जन्माला घातलंय?"

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आम्ही सुरतेत नवागामला राहायचो, पत्र्याच्या खोल्यांच्या एका लांब ओळीत. सगळी ओळ धुळे-जळगावकडची, अहिराणी बोलणारी. आप्पा बमरोलीला मागाच्या खात्यात कारीगर होते. माग चालतात त्या शेडला आमच्याकडं खातं म्हणतात. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झालो आणि एका प्रोसेस मिलच्या लॅबमध्ये लागलो. कापडाला कुठला रंग किती, हे काट्यावर तोलून ठरवायचं माझं काम. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. याचा मला गर्व होता आणि अजून आहे, लपवत नाही. ओळीत नवा माणूस राहायला आला की आप्पा त्याला आधी नळ कुठं आहे ते सांगायचे आणि मग, "मना पोऱ्या ग्रॅज्युएट शे."

तर बायकोला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझ्या सासूबाई गावाकडं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं कोण करणार आणि हिचं कोण करणार? म्हणून बाळंतपण सुरतेलाच करायचं ठरलं. पाळणा खरं तर माहेरचा यायचा. सासऱ्यांनी निरोप पाठवला की तिकडंच बाजारातून चांगला घ्या, मी आल्यावर बघतो. मी उलट निरोप पाठवला की घेणार नाही, मी स्वतः करणार.

का, ते आज विचारलं तर मला एकच कारण सांगता येतं. मला बघायचं होतं. लाकडाचे चार तुकडे एकमेकांना धरून कसे राहतात, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यात तोवर मी पुस्तकं वाचली होती आणि रंग तोलले होते. हातानं उभी केलेली एकही वस्तू माझ्या नावावर नव्हती.

पहिला महिना नुसता चौकशीत गेला. ओळीत जितक्या घरांत लेकरं होती तितक्या घरांत जाऊन मी पाळणे बघितले. आमच्या लोकांकडं बहुतेक साडीची झोळी, पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला बांधलेली. पलीकडच्या गल्लीतल्या गुजराती घरांत घोडियुं, म्हणजे लाकडी घोडीला टांगलेली कापडी झोळी आणि तिची दोरी थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेलेली. बाई रोटली लाटता लाटता पायाच्या अंगठ्यानं पोर झुलवते. मी दोरी किती लांब, एका मिनिटात किती झोके, हे मोजत उभा राहिलो तेव्हा ती बाई मला हसली आणि तिनं घरातल्यांना गुजरातीत सांगितलं की हा भाऊ पहिल्यांदाच बाप होतोय. कशावरून ओळखलं कुणास ठाऊक.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत कळली, जी मी तिथंच वाढूनही कधी पाहिली नव्हती. आमच्या ओळीच्या पाठीला भिंत लावून एक खातं होतं. दिवसरात्र खटखट. आठवड्यातून एक दिवस लाईट बंद, म्हणून माग बंद. सगळ्या ओळीतली तान्ही पोरं त्या एका दिवशी रडायची. मी दोन आठवडे कान देऊन ऐकलं. खटखट चालू, पोरं झोपलेली. खटखट बंद झाली की पाच मिनिटांत एक रडायला लागायचं, मग दुसरं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "हे ओळीतल्या प्रत्येक बाईला माहितंय. तुम्ही कॉलेजात होतात."

मूल मोजायचं राहिलंच होतं. शेजारी महिन्याचं लेकरू होतं. मी लॅबमधला टेप घेऊन गेलो आणि त्याच्या टाचेपाशी टोक धरलं, तेवढ्यात मायनं मागून येऊन टेप हिसकावला.

"हाई काय करी ऱ्हायना तू? जित्ता मानूसले कोनी टेप लावस का?"

शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं वर न बघता सांगितलं, दीड फुटाच्या थोडं वर. मी तीन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद पाळणा ठरवला. ग्राफच्या कागदावर आकृती काढली. चार कोपऱ्यांना चार खुंट. त्यांना जोडणाऱ्या वरती चार आणि खालती चार पट्ट्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना जीभ काढायची, तिला सुतार कुसू म्हणतात, आणि ती खुंटाच्या खाचेत बसवायची. आठ पट्ट्या, सोळा टोकं, सोळा जोड. एकही खिळा नाही. तळाला नवारपट्टी विणायची आणि चार दोऱ्यांनी वर टांगायचं.

कागद मायला दाखवला. तिला आकृती कळली नाही, पण पाळणा आहे एवढं कळलं. तिनं कागद उलटा करून माझ्या हातात दिला.

"लाकडं कर," ती म्हणाली. "तासजो, घासजो, काय करनं ते कर. पन जोडू नको. बारावा दिन येवू दे, तवय सकायले जोडजो."

"अगं पण न जोडता कळणार कसं की बसतंय का नाही?"

"तुले इतलं शिकाडं ते कसाले मंग?"

झालं. पाळणा करायचा, पण बाळ येऊन बारा दिवस होईपर्यंत तो पाळणा व्हायला नको. सोळा जोड आणि एकही आधी लावून बघायचा नाही. बारशाच्या सकाळी, सासरे, शेजारणी, सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा. बसला तर बसला. नाही बसला तर ग्रॅज्युएटची पोरगी किंवा पोरगा शेजारून मागून आणलेल्या घोडियात झोपणार.

मी मायला का, का, म्हणून चार दिवस विचारलं. "करू नये" याच्या पुढं ती जाईना. अशुभ असतं म्हणावं तर तसंही ती म्हणेना. मला अडाणीपणा वाटला. खरं सांगतो, मी तसं म्हणालोसुद्धा. ती ताट घासत होती, घासतच राहिली.

कारण मला आप्पांकडून कळलं, तेही खात्यात. त्यांच्या खात्यात काही जुने माग मोडीत काढले होते. मागाला पुढं एक लांब जाड लाकूड असतं, ज्याच्यावर फणी बसते. ते दिवसभर पुढं मागं झुलतं आणि प्रत्येक झुल्याला एक धागा ठोकून बसवतं. तसली दोन लाकडं शेठनं आप्पांना न्यायला सांगितली होती. मी रविवारी त्यांचा डबा घेऊन गेलो, लाकडंही घेऊन येणार होतो. आप्पांनी एक लाकूड उचलून माझ्या हातात दिलं. तेल पिऊन पिऊन काळं, हाताला लोण्यासारखं.

"घे," ते ओरडले. खात्यात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. "याला हलायची सवय आहे!"

मी हसलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "माय जोडू का देत नाही?"

आप्पांनी एकदा मागाकडं बघितलं, सूत तुटलं नाही ना ते. मग माझ्या कानाशी आले. जी गोष्ट घरात बसून हळू आवाजात सांगायची, ती त्यांनी मला चाळीस मागांच्या खडखडाटात ओरडून सांगितली. माझ्या आधी एक होतं. गावाकडं. मायच्या भावानं सातव्या महिन्यातच पाळणा आणून आढ्याला टांगला होता. हौसेनं. लेकरू आलं, पण रडलं नाही. पाळणा तसाच टांगलेला राहिला, कारण तो काढायची कुणाची छाती होईना. दारातून वारा आला की हलायचा. पंधरा दिवसांनी मायनंच स्टूल घेऊन दोऱ्या सोडल्या.

एवढं सांगून आप्पा परत मागावर गेले. मी लाकडं खांद्यावर घेऊन निघालो. त्या दिवसानंतर मी मायला का म्हणून विचारलं नाही.

बमरोलीच्या रस्त्यावर एका गुजराती मिस्त्रीचं दुकान होतं. दरवाजे, चौकटी करायचा. ड्युटी सुटल्यावर मी तिथं जाऊ लागलो. आप्पांच्या लाकडांतून चार खुंट निघाले. पट्ट्यांसाठी त्यानं कोपऱ्यात पडलेलं आंब्याचं लाकूड दिलं. त्यानं मला रंधा धरायला शिकवलं, पटाशीनं खाच कोरायला शिकवलं, आणि पहिल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताला तीन पट्ट्या बांधल्या. लाकडाच्या नव्हे, औषधाच्या. बोलायचा अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. मायची अट सांगितली तर त्यानं हातातली विडी खाली ठेवली.

"जोड्या वगर? एकही नहीं?"

"एकही नाही."

"तो एक काम करो." त्यानं माझी पहिली कुसू उचलून डोळ्यापुढं धरली. "सब ढीलुं राखो. आंबो छे. चोमासामां पाणी पीशे." म्हणजे आंब्याचं लाकूड आहे, पावसाळ्यात ओल पिऊन फुगेल, म्हणून सगळं सैल ठेव.

मला सैल हा शब्दच आवडत नव्हता. लॅबमध्ये सैल म्हणजे चूक. पण मिस्त्रीचं ऐकलं. पंधरा कुसू त्यानं सांगितल्या तेवढ्या सैल कापल्या, नखाच्या जाडीची जागा सोडून. आणि प्रत्येक टोकावर आणि त्याच्या खाचेवर लॅबमधल्या पेननं आकडा घातला. एक, दोन, तीन.

सोळावी राहिली.

मेचा शेवट असेल. सुरतेची ती चिकट गरमी, पण पाऊस अजून दूर, लाकूड वाळून खणखणीत. मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला होता. माझ्या हातात शेवटची कुसू होती आणि मनात एक किडा. पंधरा सैल केल्या, त्या सैल म्हणून बसतील. पण माझं माप बरोबर होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. सैल वस्तू कुणाचीही बसते. मी ही एक कुसू कागदावर होती तशी, तंतोतंत कापली. केसाचीही जागा सोडली नाही. मग खुंट मांडीत धरला. मायची आठवण झाली नाही असं नाही. झाली. मी स्वतःला म्हणालो की एका जोडाला पाळणा थोडाच म्हणतात, आणि कुसू खाचेला लावून दाबली.

ती आत गेली. ठोकावं लागलं नाही आणि हललीही नाही. आत जाऊन टेकली तेव्हा टक्क असा बारीक आवाज आला. बी.एस्सी.चा निकाल बघताना झाला नव्हता इतका आनंद मला त्या आवाजानं झाला. मी ती दोनदा काढली आणि दोनदा घातली. मिस्त्री परत आला तेव्हा दोन्ही तुकडे वेगळे होते आणि मी त्यांच्यावर सोळा हा आकडा घालत होतो.

सगळे तुकडे घरी आणले आणि खाटेखाली पोत्यात ठेवले. पुढचं काम घासायचं. तिथं आप्पा उतरले. त्यांच्याकडं जाड बाटलीच्या काचेचा एक तुकडा होता, कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला. धोट्याला खरखर आली की त्याच्या धारेनं खरवडायचे. पट्टी गुळगुळीत झाली असं मला वाटलं की ते म्हणायचे, "थांब." बायको घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायची, दारात बसून, तिच्या पायाशी कापलेल्या धाग्यांचा ढीग असायचा. आप्पा त्यातला मूठभर रेशमी गुंता घ्यायचे आणि पट्टीवरून हळूच फिरवायचे. माझ्या बोटाला, माझ्या गालाला जिथं काही लागत नव्हतं, तिथं एखादा धागा अडकून ताठ व्हायचा.

"इथं सल आहे," ते म्हणायचे.

"मला दिसत नाही."

"सुताला दिसते."

बायको लांबून म्हणायची, "नवी साडीही अडकणार नाही इतकं घासताय, तेवढं घर झाडून द्या कुणीतरी."

पट्टी पट्टी करत असे दोन महिने गेले. पाऊस आला, खोलीत भिंतींना ओल आली, मीठ पाणी सुटून वाहायला लागलं. आठव्या महिन्यात बायकोच्या पायांना सूज आली. डॉक्टरीण म्हणाल्या, पडून राहा, मीठ बंद. घाबरण्यासारखं नाही, असंही म्हणाल्या. मी घाबरलो. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, मिठाचं आणि सुजेचं नातं मला कळत होतं. तरी ती पडलेली असायची त्या खाटेखालचं पोतं दिसलं की मला तो टक्क आवाज आठवायचा. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला लाजच वाटत होती, दोन्ही बाजूंनी. मायचं मोडलं म्हणून एक, आणि मोडल्याची भीती वाटते म्हणून दुसरी.

श्रावणात मुलगी झाली. रडली, आणि असं रडली की नर्स म्हणाली, ही खात्याजवळचीच. माय दवाखान्याच्या बाकावर बसून होती. रडणं ऐकलं तशी ती उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "आते तुना दिन मोज."

बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं सासरे आले. पायजमा, पांढरी टोपी, पिशवीत कुंच्या आणि झबली. खोलीत ओळीतल्या बायका जमलेल्या, एका कोपऱ्यात बायको मुलीला घेऊन बसलेली. मधल्या जागेत मी पोतं सोडलं आणि सोळा आकड्यांचे तुकडे मांडले.

सासरे वाकून बघत म्हणाले, "जावईबापू, पाळणा आहे का गणिताचा पेपर?"

"पेपरच म्हणा, मामा. आजच तपासायचाय."

बायकांत हशा झाला. मी एक नंबर घातला. सरकला, बसला. दोन बसला. मिस्त्रीनं सांगितलं होतं तसंच झालं होतं, लाकूड फुगलं होतं आणि सोडलेली जागा त्यानं बरोबर भरून काढली होती. तीन, चार, पाच. प्रत्येकाला शेजारणी आकडा मोठ्यानं म्हणायला लागल्या. दहा! अकरा! तीन खुंट उभे राहिले, चौथा उभा राहिला. पंधरा!

सोळावी जीभ खाचेच्या तोंडाशी जाऊन थांबली. मी दाबलं. पेराएवढी गेली आणि अडकली. मी तळहातानं ठोकलं. मग वरवंटा मागितला आणि पट्टीवर कापड ठेवून ठोकलं. जाईना. चौथा खुंट वाकडा उभा, सगळा पाळणा एका खांद्यानं उंच झाल्यासारखा. आकडे म्हणणं बंद झालं.

"ठोकू नको," आप्पा म्हणाले. "खुंट फाटेल." ते खाली बसले आणि बोटानं जोड चाचपला. "पंधरा बसतात आणि ही एकच कशी नाही? हिचं माप वेगळं आहे."

मी वरवंटा खाली ठेवला.

"हिला जागा का नाही सोडली?"

माय चुलीपाशी उभी होती. ती आप्पांकडं नाही, माझ्याकडं बघत होती. खोली भरलेली होती आणि मला ती एकटीच दिसत होती. मला खोटं बोलता आलं असतं. आकडा चुकला म्हणता आलं असतं.

"ही मी जोडून बघितली होती," मी म्हणालो. "मे महिन्यात. तेव्हा बरोबर बसली होती, म्हणून तशीच ठेवली."

सासऱ्यांना काही कळलं नाही, शेजारणींनाही नाही. बायकोला कळलं. तिनं मुलीला छातीशी घट्ट धरलं. माय चुलीपासून पुढं आली. मग तिनं विचारलं, "एकच?"

"एकच."

"चारी खुट्टा उभा नही करात ना?"

"नाही. एक पट्टी, एक खुंट. काढून ठेवली लगेच."

तिनं थोडा वेळ विचार केला. एखादा नियम नीट आठवून बघतात तसा. मी परीक्षेला बसलो होतो तेव्हाही कुणी माझ्या उत्तराचा इतका विचार केला नसेल.

"मंग तो पाळणा कसाना," ती म्हणाली. "एक खुट्टाले कोनी पाळणा म्हनस का?" आणि आप्पांना म्हणाली, "बठी काय ऱ्हायनात? काच काढा तुमनी. पोरगी भुकी व्हई."

आप्पांनी ट्रंकेतून काचेचा तुकडा काढला. खुंट सोडवला, जीभ मांडीवर धरली आणि खरवडायला लागले. आंब्याचा बारीक भुगा त्यांच्या धोतरावर पडत होता. मध्येच थांबायचे, बायकोच्या ढिगातला धागा फिरवायचे, परत खरवडायचे. शेवटी अंघोळीच्या साबणाची वडी घासली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "तूच घाल."

मी घातली. टक्क आवाज आला नाही, साबणामुळं नुसती आत सरकली. शेजारणी ओरडल्या, सोळा! मी सगळ्या जोडांत लाकडी मेखा मारल्या. आप्पांनी नवार विणली, खाटेला विणतात तशी नव्हे तर कापड विणल्यासारखी, एक खालून एक वरून, घट्ट. दोऱ्या अँगलला बांधल्या.

मी मुलीला घ्यायला हात पुढं केले तर मायनं मला मागं सारलं. मी मघाशी ठोकायला घेतलेला वरवंटा तिनं धुवून पुसून आणला, त्याला कुंची घातली आणि तो पाळण्यात ठेवला. आधी दगड, मग लेकरू, हे मी बारशांत लहानपणापासून बघत आलो होतो आणि देवाधर्माचं काहीतरी समजत होतो. त्या दिवशी मी पाळण्याच्या बाजूला उभा होतो आणि माझं लक्ष सोळाव्या जोडाकडं होतं. दोऱ्या ताणल्या, नवार थोडी खाली गेली, जोड कुरकुरला नाही. मायनं पाळण्याला दोन झोके दिले. दगड मुलीपेक्षा जडच होता.

"माय," मी हळूच विचारलं, "हे वजन बघायला करतात का?"

"माले काय माहीत? करतस." तिनं वरवंटा उचलला. "तू देखी लिधं ना धरस का नही ते?"

मग मुलगी पाळण्यात गेली. आत्या म्हणून शेजारणीनं तिच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी त्या आत्याच्या पाठीत रिवाजाचे धपाटे घातले आणि सासऱ्यांनी खुंटावरून हात फिरवत आप्पांना विचारलं, हे कुठलं लाकूड हो. "मागाचं," आप्पा म्हणाले. भिंतीपलीकडं खटखट चालू होती. मुलगी झोपली.

पाळण्यातून ती पुढच्या वर्षी वैशाखात बाहेर पडली, म्हणजे कठड्यावरून चढून पडायला लागली. एव्हाना तो सोळावा जोड कुरकुरत होता. आप्पांनी पावसाळ्यात खरवडलेला, उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं आणि सैल झाला. बाकीचे पंधराही थोडे हलायचे, पण त्याचा आवाज वेगळा, मला खोलीबाहेरूनही ओळखू यायचा. मी मायला विचारलं की आता हा पूर्ण सोडून पोत्यात भरू का, रिकामा टांगलेला ठेवायचा नाही ना?

"इतलं सगळं कसाले सोडस?" ती म्हणाली. "दुसरं लेकरू व्हई तवय परत सोळा बशीन जोडशी का? एकच उघड."

"एकच?"

"हा. तोच तुना. तो उघडा की मंग तो पाळणा नही."

मी सोळाव्याची मेख काढली. ठोकावं लागलं नाही. पट्टी हातात धरून ओढली, आणि वैशाखाच्या उन्हात वाळलेली ती कुसू खाचेतून अलगद बाहेर आली. चौथा खुंट थोडा कलला. मायनं दोऱ्या सोडून दिल्या आणि आम्ही दोघांनी मिळून ते पंधरा जोडांचं लाकूड भिंतीला टेकवून ठेवलं.